अण्णांच्या डाईंगमधल्या फुगलेल्या पेशी

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, असं सांगितलं की समोरचा माणूस खिशातून मोबाईल काढतो आणि मला स्वतःच्या रक्तलघवीचा रिपोर्ट दाखवतो. लग्नाच्या पंगतीत तर हे हटकून होतं. 'सर, तेवढं बघा की, पस सेल वाढल्यात म्हणे.' मी सांगतो की मी डॉक्टर नाही, आणि माझे जीव माणसाच्या अंगात राहत नाहीत, ते वाफाळत्या आम्लात राहतात. मग शेजारचा जिलेबी उचलता उचलता विचारतो, 'म्हणजे बॅक्टेरियाच ना?'

नाही. बॅक्टेरिया नाहीत. हे एवढंसं वाक्य मी नोकरीभर प्राचार्यांना सांगितलं, खरेदी विभागाला सांगितलं, परीक्षकांना सांगितलं, घरी बायकोला सांगितलं. पटलं फक्त बायकोला, तेही मी गप्प बसावं म्हणून. त्यामुळे निवृत्तीनंतर दिवाळी अंकात लिहायची संधी मिळाल्यावर मी शांत, कृतज्ञ वगैरे सुरात लिहावं अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यांनी पुढचं पान उलटावं.

तर आर्किया. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला बॅक्टेरियासारखेच, बारके गोल ठिपके. दिसण्यावर गेलं तर मीही आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यासारखा दिसतो. आत डोकावलं की कळतं, घराणंच वेगळं आहे. उलट काही बाबतींत ते आपल्याला, म्हणजे माणसांना, जास्त जवळचे. आमच्याकडचे आर्किया मूळचे परदेशातल्या एका गरम झऱ्यातले. एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या मित्रानं ते मला दिले. त्यांना लिंबूपाण्याइतकं आंबट आणि पंच्याहत्तर अंशाला तापलेलं पाणी लागतं. त्याहून गार झालं की ते जिथल्या तिथं थांबतात. सोलापूरचा मे महिना म्हणजे त्यांचा हिवाळा.

या जिवाच्या एका पेशीच्या दोन पेशी होतात कशा, हा माझा विषय. सोपं करून सांगतो. पेशी आधी नुसती वाढते. मग आतल्या डीएनएची दुसरी प्रत काढते. मग बराच वेळ थांबते. आणि शेवटी कमरेला प्रथिनांचं एक कडं बसवते. हे पहिलं कडं म्हणजे नुसता सांगाडा, त्याच्या आधारानं आत दुसरं कडं बसतं. दुसरं बसलं की पेशी पहिलं स्वतःच मोडून खाते, आणि मग आतलं कडं पिशवीची नाडी ओढावी तसं आवळत जातं. पेशी दुभंगते. पहिलं मोडल्याशिवाय दुसरं आवळत नाही. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींपासून अखेरच्या सुटतात तेव्हा याच घराण्यातली प्रथिनं कात्री चालवतात. एवढं जवळचं नातं, आणि लोक विचारतात, बॅक्टेरियाच ना.

या विषयात मी जे पराक्रम केले त्यांतला पहिला सांगून टाकतो. पंच्याहत्तर अंशाला पाणी उडून जातं, हे पाचवीच्या मुलालाही कळतं. मला कळायला माळशिरसचं एक लग्न लागलं. हलवणाऱ्या गरम पेटीत चंबू ठेवून मी मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर चंबूच्या तळाला करपलेल्या सायीसारखा तपकिरी थर, बाकी काही नाही. आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, 'काय झालं?' मी म्हणालो, 'वाढ स्थिरावली आहे.' खोटं नव्हतं.

दुसरा पराक्रम व्हिनेगरचा. चंबूतल्या पेशी एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. कोण वाढतंय, कोण दुभंगतंय, कशाचा कशाला मेळ नाही. त्यांना एका तालात आणायला थोडं ॲसिटिक आम्ल घालतात. म्हणजे गिरणीचं फाटक बंद करण्यासारखं. माणसं येत राहतात आणि फाटकाशी गोळा होतात. सगळ्या पेशी दुभंगण्याच्या आधीच्या टप्प्यावर येऊन थांबतात. मग आम्ल धुऊन टाकायचं, म्हणजे फाटक उघडायचं. सगळ्या एकदम आत, एका पावलानं. प्रयोगशाळेतलं आम्ल संपलं होतं आणि खरेदी विभागाला 'हे तातडीचं आहे' असं लिहून द्यायला मी कंटाळलो होतो, म्हणून नव्या पेठेतल्या किराणा दुकानातून व्हिनेगर आणलं. पेशी थांबल्या खऱ्या, पण फाटक उघडल्यावरही कुणी आत गेलं नाही. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर त्यात रंग, साखर आणि लसणाचा अर्क होता. माझ्या मित्राला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, नूडल्स चांगले झाले का.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हा कागद काळा करतोय.

शबाना माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी. वडील रफिकभाई रिक्षा चालवतात. ही एमएस्सीला पहिली आली आणि माझ्याकडे पीएचडीला नोंदली. तिचा प्रश्न आर्कियांच्या विषाणूंचा होता. हो, त्यांनाही विषाणू होतात. हे विषाणू माणसाला काही करत नाहीत, आपलं अंग त्यांना बर्फासारखं गार. पण हे मोठे लबाड असतात. बरेच विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात. आमचा तसं करत नव्हता. तो पेशीला जिवंत ठेवायचा, खाऊ द्यायचा, वाढू द्यायचा, फक्त दुभंगू द्यायचा नाही. डीएनएच्या प्रती काढायच्या टप्प्यावरच तिला अडकवून ठेवायचा, कारण प्रती काढायचं सगळं सामान त्या टप्प्यात पेशीत मांडलेलं असतं आणि ह्याला स्वतःच्या प्रती काढून घ्यायच्या असतात. कडं बसवायची प्रथिनं बनूच द्यायची नाहीत. मग पेशी फुगते. फुगतच जाते. नेहमीच्या पेशीशेजारी ती ठेवली तर बोराशेजारी कलिंगड.

हे असं होतं एवढं जगात आधी पाहिलं गेलं होतं. शबानाचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. विषाणू आत शिरला तेव्हा पेशीनं कडं आधीच बसवलेलं असेल तर? ती सुटते की तीही अडकते? त्यासाठी पेशींना एका तालात आणायचं, वेगवेगळ्या टप्प्यांवर विषाणू सोडायचा आणि ठरावीक अंतरानं नमुने काढत राहायचे. मध्ये पेटी गार झाली की सगळं पाण्यात.

आणि वेळ नव्हता. जूनअखेर मी निवृत्त होणार होतो. तोवर तिचं काम विद्यापीठाच्या आढावा समितीनं मान्य केलं नाही तर तिला नवा मार्गदर्शक शोधावा लागणार होता, आणि आर्किया शिकवणारा दुसरा माणूस आमच्या विद्यापीठात नव्हता. म्हणजे नवा विषय, पहिल्यापासून. घरात तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतंच. 'सर, परत पहिल्यापासून म्हणलं तर अब्बा काय बोलणार न्हाईत,' ती एकदा म्हणाली, 'पण अम्मी लई बोलंल.'

शेवटची मालिका लावली, पेशी व्हिनेगर नसलेल्या आम्लात थांबवल्या, विषाणू तयार ठेवला, आणि प्राचार्य प्रयोगशाळेत आले. महाविद्यालयाला गुण द्यायला मूल्यांकन समिती येणार होती. सभागृहात नवे एसी बसवले होते, बाहेर रोषणाई होती, आणि त्या सगळ्याचा भार आमच्या इमारतीच्या वायरिंगला झेपत नव्हता.

'सर, तुमची ती गरम पेटी दोन दिवस बंद ठेवायची,' प्राचार्य म्हणाले.

'बंद ठेवता येत नाही. आत प्रयोग चालू आहे.'

'मग आतलं सगळं फ्रीजमध्ये ठेवा की तोवर.'

माणूस भाजी, दूध, मिठाई आणि विज्ञान यांत फरक करत नाही तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. मी म्हणालो, 'सर, हे पंच्याहत्तर अंशाला जगतात.' ते म्हणाले, 'बॅक्टेरिया काय, कुठंही जगतात.' जाता जाता त्यांनी नाक मुरडलं आणि शिपायाला लॅव्हेंडरचा फवारा आणायला सांगितला.

ज्या प्रयोगशाळेत संशोधन चालतं हे दाखवून गुण मिळवायचे, ते गुण द्यायला येणाऱ्यांना गार वाटावं म्हणून तिथलं संशोधन बंद करायचं.

मी खुर्चीत बसून फक्त शिव्या देत होतो. कामाची गोष्ट शबाना बोलली. 'सर, तुमच्या ओळखीचे ते डाईंगवाले अण्णा हाईत न्हवं? त्यांच्याकडं शेड मॅचिंगचं मशीन असंल.'

नरसय्या अण्णांची आणि माझी ओळख, मी त्यांच्या मुलाला नापास केलं तेव्हाची. एमआयडीसीत त्यांचं टॉवेल रंगवायचं डाईंग. मोठा घाणा काढायच्या आधी रंगाची छटा बरोबर येते का, हे बघायला डाईंगमध्ये एक छोटं यंत्र असतं. स्टीलची भांडी गरम हौदात गोल फिरत राहतात, प्रत्येकात टॉवेलचा तुकडा आणि रंग. ठरलेली गरमी, ठरलेला फेरा, एकसारखा. आमच्या पेटीपेक्षा ते यंत्र चांगलं होतं. हे मान्य करताना मला अजिबात आनंद होत नाही.

अण्णांना फोन केला, ते म्हणाले या. पण गरम चंबू न्यायचे कशात? स्टाफरूममधले, विभागातले, शबानाच्या घरचे असे थर्मास गोळा केले. त्यात गरम पाणी, गरम पाण्यात पेशी भरून बूच लावलेल्या काचेच्या बाटल्या. एका थर्मासात नुसतं खाद्यद्रावण घेतलं, ते डाईंगवर पोचल्यावर बाटल्यांत ओतायचं होतं. रफिकभाईंनी रिक्षा आणली. नव्या पेठेत गर्दीत अडकलो तेव्हा ते आरशातून माझ्या मांडीवरच्या थर्मासांकडे बघत म्हणाले, 'सर, इत्ती चाय कौन पियेगा?'

'अब्बा, चाय नहीं, मेरी पीएचडी है,' शबाना म्हणाली. त्यानंतर त्यांनी एकही खड्डा घेतला नाही. सोलापुरात हे कसं साधलं ते त्यांनाच माहीत.

अण्णा दारातच उभे होते. 'काय वो सर, कुठला शेड पायजे?'

'शेड नको अण्णा. पंच्याहत्तर अंश पाहिजे, हलवत.'

'आमचं मशीन नव्वदवर पळतंय. पंच्याहत्तर म्हणजे ते झोपा काढतंय बघा.' मग बाटलीकडे बघून जरा मागे सरले. 'ह्ये टावेलला लागणार न्हाई न्हवं?'

'अण्णा, टॉवेल गार असतो. त्यात हे काकडून पडतील.'

'म्हणजे तुमी नापास करून बी माझं पोरगं जगलंय, तसंच ह्ये. अभ्यास न करता बी काय काय जगतंय.' आणि यंत्रावरच्या माणसाला तेलुगूत 'जाग्रत्त' म्हणाले, सांभाळून.

इथं मी तिसरा पराक्रम केला. खाद्यद्रावण ओतायचं काम घाईघाईनं मी घेतलं, कारण वडीलधाऱ्या माणसानं नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. एक रिकामी, जादा बाटली भरून झाल्यावर शबानानं हात धरला. वास घेतला. 'सर, ह्यो अब्बांचा चहा हाय.' रफिकभाईंचा थर्मासही तसाच दिसणारा होता, आणि गर्दीत माझ्या मांडीवर आला होता. ती बाटली त्यांच्याकडे गेली. अण्णा इतके हसले की यंत्रावरचा माणूस घाबरून बघायला आला. मला एका पिंपावर बसायला सांगण्यात आलं आणि शबाना काम झाल्याशिवाय मला उठू देणार नव्हती.

ती काम करत राहिली. ठरल्या टप्प्यावर विषाणू सोडायचा, मग नमुना काढायचा, अल्कोहोलात टाकायचा, बाटली परत भांड्यात, भांडं परत हौदात. शेजारच्या भांड्यात निळा टॉवेल, पलीकडच्यात गुलाबी. मालिका पूर्ण झाली. सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर स्वच्छ दिसत होतं. कडं बसल्यानंतर ज्या पेशींत विषाणू शिरला त्या एकदा दुभंगल्या, मग त्यांच्या पिल्लांना त्यानं अडकवलं. ज्यांत आधी शिरला त्या दुभंगल्याच नाहीत, फुगत गेल्या. आणि महाविद्यालयात मूल्यांकन समितीनं सभागृह गार असल्याची नोंद केली.

मग विद्यापीठाची आढावा समिती. अध्यक्ष दुसऱ्या जिल्ह्यातले, वनस्पतिशास्त्राचे. शबानानं सगळं नीट मांडलं. त्यांनी विचारलं, 'हा प्रयोग कुठं केला?'

मी टेबलाखालून तिला पाय मारला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'डाईंगमध्ये, सर.'

'डाईंग म्हणजे?'

'टॉवेलचं, सर.'

अध्यक्ष हसले. ते हसू मी विसरणार नाही. 'मॅडम, ते मान्यताप्राप्त संशोधन केंद्र नाही. ही निरीक्षणं ग्राह्य धरता येणार नाहीत. मान्यताप्राप्त ठिकाणी परत करा.'

मान्यताप्राप्त ठिकाणची पेटी बंद करून परत चालू केल्यापासून तिचं तापमान वाटेल तिथं जात होतं. दुरुस्तीवाला यायचा होता, तो अजूनही यायचा आहे. मी उभा राहिलो. पुढचं ठरवून बोललो नाही. म्हणालो, 'अध्यक्षमहोदय, हा विषाणू कसा असतो ते सांगू? तो पेशीला मारत नाही. तिला खायला देतो, वाढू देतो, तिच्याकडून स्वतःची कामं करून घेतो. एक गोष्ट सोडून. तिला पुढं जायची परवानगी देत नाही. ती तिथंच बसून फुगत राहते. कळलं का?'

मला वाटलं, गेली शबानाची पदवी, आणि ती मी घालवली. अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. नंतर अहवालात वाचलं, 'मार्गदर्शकांनी विषय सामान्य माणसाला समजेल असा मांडला, हे स्तुत्य.' इतका नेमका अपमान मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नसेल, आणि तो स्तुत्य ठरला.

बाहेर आल्यावर शबाना रागावलेली नव्हती, याचाच मला राग आला. ती म्हणाली, 'सर, प्राचार्यांना इंडस्ट्रीबरोबर करार पायजे हाय. मूल्यांकनात गुण कमी पडलेत त्याचे. अण्णा इंडस्ट्री हाईत की.'

आठवड्याभरात प्राचार्य आणि अण्णा डाईंगच्या दारात हातात हात घालून फोटोला उभे होते. अण्णांनी शर्ट इन केला होता. मागे फलक, 'उद्योग आणि शिक्षण यांचा सेतू.' विद्यापीठाला पत्र गेलं, मान्यता आली. तेच यंत्र, तोच हौद, तीच भांडी, त्याच पेशी. फक्त भिंतीवर चौकट टांगली आणि पेशी अचानक खऱ्या झाल्या. पेशीला कळतं का हो, भिंतीवर काय टांगलंय? मला कुणीतरी सांगा. मी विज्ञान शिकवायचो.

तिनं मालिका परत केली. उत्तर तेच आलं. या खेपेला मी पिंपावर स्वतःहून जाऊन बसलो.

समिती परत बसली ती माझ्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवसांत. अध्यक्ष म्हणाले, त्यांना प्रत्यक्ष बघायचंय. शबानानं सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं झोप लागली.

'ही मोठी दिसली,' ते म्हणाले. 'फुगलेली. पण हिच्या कडेला एक छोटी चिकटलीय. ती कशी आली? तुम्ही तर म्हणालात ह्या दुभंगत नाहीत.'

हा प्रश्न मात्र चांगला होता. मी तसं कबूल करतो, दात आवळून. काही फुगलेल्या पेशी शेवटी कशाबशा कडेला एक छोटीशी कळी काढतात. मधून दोन सारखे भाग होत नाहीत, पण कडेनं एक नीट, नेहमीच्या मापाची पेशी वेगळी होते आणि निघून जाते. आम्हाला ती पहिल्या मालिकेत दिसली नव्हती, कारण आम्ही तेवढं थांबलो नव्हतो. या वेळी शबाना थांबली होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, तुम्ही नको. मग अध्यक्षांच्या शेजारी वाकून दुसऱ्या भिंगातून बघितल्यासारखं करत म्हणाली,

'सर, ती तिच्यातूनच आली. उशीर लागला, पण निघाली की.'

अध्यक्ष सरळ झाले. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. या वेळी बहुतेक त्यांना कळलं. खिसे चाचपले आणि सहीसाठी हात पुढे केला. मी माझं पेन दिलं.

शबाना आता सांगोल्याला शिकवते. तिच्या प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, म्हणजे बॅक्टेरियाच ना. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

पेन अध्यक्षांनी अजून परत केलेलं नाही.